गोठ्यातली कपबशी

वाचकाचं पत्र (जागेअभावी आखडून) :

"ताई, मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्याची सून. वय ३६. घरी सात एकर आहे, कापूस आणि थोडी केळी, शिवाय दोन म्हशी. सासूबाईंना आम्ही जिजी म्हणतो. त्यांचं देवाधर्माचं फार कडक. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी, चैत्रात पायी वणीच्या गडावर. माझ्या अडचणीच्या दिवसांत मी मागच्या ओट्यावर. श्रावणात कानबाईच्या रोटाच्या सणात अडचण येऊ नये म्हणून तीन वर्षांपासून मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून घेते. मागच्या साली कापूस अळीनं गेला, तर म्हणाल्या, तुझ्या हातून उपास मोडला म्हणून झालं. एवढा देव करणाऱ्या जिजी आमच्या सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या बायकोला मात्र चहा वेगळ्या कपात देतात. ती कपबशी गोठ्यातल्या कोनाड्यात असते. मला बघवत नाही, मी मनातल्या मनात देवाची माफी मागते.

माझं उलटं आहे. देवघरात बसले की डोक्यात दुधाचा हिशोब. आणि पहाटे म्हशीखाली बसले की आपोआप नाम सुरू होतं, कधी कधी डोळे भरून येतात. मला वाटतं खरी भक्ती ती. म्हणून यंदा ठरवलंय, रोटाला बसायचं नाही. मनात भाव असला की झालं. मालक म्हणतात, आईला दुखवू नको. ताई, मन नसताना पाटासमोर बसणं हे ढोंग नाही का? आणि आम्हा दोघींत ढोंगी कोण?

एक सून"

बाई, तुला सरळ ‘तू’च म्हणते. माझ्या थोरल्या लेकीपेक्षा तू दोनच वर्षांनी मोठी आहेस.

आधी गोळ्यांचं बोलू, कारण तो विषय देवाचा नाही, तुझ्या अंगाचा आहे. त्या हार्मोनच्या गोळ्या असतात. रक्ताची गुठळी होण्याचा त्रास असेल, घरात कुणाला तो झालेला असेल किंवा यकृताचं दुखणं असेल, तर डॉक्टर त्या देताना दहादा विचार करतात. मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगा करत नाही. तीन वर्षं तू त्या घेतल्या आहेस, आता तालुक्याच्या दवाखान्यात एकदा दाखवून ये आणि या श्रावणापासून बंद कर. पाळी आली तर आली. कानबाईही बाईच आहे.

कापसाचंही उरकून टाकते. बोंडअळी उपास मोजून येत नाही. फरदड ठेवली होती का, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस शेतात उभाच ठेवला होता का, आणि शिवारात कुणी पाण्याच्या जोरावर मे महिन्यातच कापूस लावून टाकला होता का, एवढं मालकांना विचार. गुलाबी अळीला वर्षभर खायला मिळालं की ती मुक्कामाला राहते. जिजींना हे पटवायला जाऊ नकोस, पण तुझ्या मनात जो ‘खरंच माझ्यामुळे तर नाही ना’ असा खडा आहे (पत्रात आहे तो, लपव कितीही), तो काढून टाक.

आता खरा प्रश्न. तुझं पत्र वहीची चार पानं भरून आहे. त्यातली पावणेतीन पानं जिजींची. कुठला उपास, कुणाला काय बोलल्या, कुठल्या भांड्याला हात लावू दिला नाही. आणि मध्येच तू लिहितेस की भक्ती आत असते, ती दिसत नाही. कबूल. मग जिजींच्या आत ती नाही, हे तुला कुठून दिसलं? स्वतःचं मन तू आतून मोजतेस आणि त्यांचं बाहेरून. दुधाच्या डेअरीवर कुणी असं दोन मापांनी मोजलं असतं, तर तू कॅन तिथेच ठेवून भांडली असतीस.

म्हशीखाली बसल्यावर तुला जे होतं ते खरं आहे, त्याबद्दल माझ्या मनात काडीचा संशय नाही. पहाटेची वेळ, बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज, बोलायला कुणी नाही. पण एक बघ. हात रोज त्याच वेळी तेच काम करतात, त्यांना विचारावं लागत नाही, म्हणून मन सुटं होतं. म्हणजे तुझ्या आतल्या नामालाही बाहेरून एक दावं लागतंच की, फक्त ते देवघरातलं नाही, गोठ्यातलं आहे. जिजींचं दावं चतुर्थीचं असेल. दिवसभर पोटात काही नाही, रात्री नऊ-साडेनऊला धाब्याच्या छतावर चढून, ढगांतून चंद्र निघतो का म्हणून उभं राहायचं. त्या वेळी त्यांच्या आत काय होतं ते मला माहीत नाही. तुलाही नाही.

माझीच एक गोष्ट सांगते. आमचं गाव पारोळ्याकडचं. भाऊबंदकी मोठी आणि रोट सगळ्यांचे एकत्र. (खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी : श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. पाटावर किंवा चौरंगावर नारळ मांडायचा, त्याला नथ, डोळे, खण, दागिने, आणि तो नारळ म्हणजे साक्षात बाई. घरातल्या पुरुषमाणसांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्यांचं दळण करायचं, त्याच पिठाचे रोट. त्यासाठी चक्कीवाला आदल्या दिवशी चक्की धुऊन-पुसून ठेवतो. पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. रात्रभर गाणी आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर. मुंबई-सुरतेला गेलेली माणसंसुद्धा त्या दिवशी गावी येतात.)

माझे यजमान वैशाखात गेले आणि तिसऱ्या महिन्यात श्रावण आला. दळणाच्या वेळी सव्वा मूठ एकानं कमी झाली. रविवारी सगळ्या बायका पाटाभोवती बसल्या आणि मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. मोठ्या जाऊबाई आत आल्या. बोलणं गोड होतं, मायेचंही होतं. म्हणाल्या, तू इथूनच आतून नमस्कार कर, देव भावाचा भुकेला असतो.

ते वाक्य तेव्हापासून माझ्या घशाखाली उतरत नाही. खोटं नाही ते. पण इतकी वर्षं बघत आले आहे, ते नेहमी दाराबाहेर बसवलेल्या माणसालाच सांगितलं जातं. पाटासमोर बसलेलीला कुणी म्हणत नाही, ऊठ बाई, तू मनातून कर.

मग माझी सासू आत आली. एकादशीला पाणी पितानाही वेळ बघणारी बाई, जिजींच्या दोन पायऱ्या वरच असेल. तिनं माझा पुरणाचा हात तसाच धरला, बाहेर नेलं आणि पाटाच्या अगदी पुढ्यात बसवलं. "आठे बस. कानबाईले समदं समजस." (इथे बस. कानबाईला सगळं समजतं.) एवढंच. पंधरा-वीस बायका बघत राहिल्या, पण एकीच्याही तोंडून शब्द निघाला नाही. कसा निघणार? नियम सगळ्यात जास्त पाळणारीनंच तो मोडला होता. मी आपणहून जाऊन बसले असते, तर ‘लई शहाणी झाली’ म्हणून वर्षभर ऐकलं असतं.

तोपर्यंत मीही तुझ्यासारखीच होते. शाळेत शिकवायचे, चार पुस्तकं वाचलेली, आणि सासूचे उपास म्हणजे पोटाला चिमटा आणि तोंडाला साबुदाणा, असं स्टाफरूममध्ये हसून सांगायचे. त्या रविवारनंतर सांगितलं नाही.

धुळ्याला नोकरीला असताना आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबांनी पिंडीवरच्या अभिषेकाचं उदाहरण घेतलंय. बाहेर पाण्याची धार चालू आहे, पण आत मनाची धार नसेल, तर समोरची पिंडीही दगड आणि तिच्यापुढे बसलेला माणूसही दगड. हे वाचून तू म्हणशील, बघा, मी तेच म्हणते. थांब. विनोबांनी पाण्याची धार बंद करा असं कुठे म्हटलेलं नाही. दोन्ही धारा सोबत चालाव्यात, असं ते सांगतात. धारेचं तुला मी काय समजावणार, तू तर रोज दोन वेळा काढतेस.

आणि ते उतरून घेणाऱ्या माणसानं पुढे काय केलं बघ. अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं मुलांना शिकवलेला, स्वभावानं इतका हळवा की लोक चेष्टा करत. अशा माणसानं मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं. कशासाठी? अस्पृश्य म्हणून ज्यांना लांब ठेवलं होतं, त्यांना विठ्ठलाचं देऊळ उघडावं म्हणून. आता तुझ्या हिशोबानं याची काही गरज होती का? विठ्ठल मनात असला की झालं! पण ज्यांना बाहेर ठेवलं होतं, त्यांच्या मनात तो पिढ्यान्‌पिढ्या होताच. चोखोबांच्या मनातल्या विठ्ठलाबद्दल कुणाला शंका होती? तरी त्यांची समाधी महाद्वारापाशी, बाहेर. मनातलं दार कुणी लावलेलंच नव्हतं. गुरुजींना लाकडाचं, कडीचं, खरोखरचं दार उघडून हवं होतं.



आता तुझ्या गोठ्यात येऊ. ‘मला बघवत नाही, मी मनातल्या मनात देवाची माफी मागते.’ हे वाक्य तू तिसऱ्या पानाच्या तळाला, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलंयस. मी तिथेच थांबले. कोनाड्यातली ती कपबशी, तिच्यात चहा ओततं कोण? जिजींचे गुडघे दुखतात हे तूच लिहिलंयस, म्हणजे गोठ्यापर्यंत चहा घेऊन जाणारी बहुतेक तूच. त्या बाईनं कप विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवला की तू पाठ फिरवतेस आणि आत देवाची माफी मागतेस. माफी मागायची तर तिची माग की! देवाला कुठे वेगळ्या कपात चहा मिळालाय?

रागावू नकोस. जिजींचा देव उपासतापासात अडकलाय असं तुझं म्हणणं. तुझा मनात अडकलाय. त्या कोनाड्यापर्यंत दोघींपैकी कुणाचाच गेलेला नाही. आणि त्यातल्या त्यात जिजींची बाजू थोडी बरी म्हणावी लागेल, कारण त्या कपात काही चुकतंय असं त्यांना वाटतच नाही. तुला वाटतं.

तर ढोंगी कोण, याचं उत्तर मी देणार नाही. कप उचल, मग बघू.

कसं करायचं तेही सांगते, कारण अशा गोष्टी बोलायला सोप्या आणि करताना पाय लटपटतात. घोषणा करू नकोस. जिजींना समोर बसवून ‘हे चूक आहे’ वगैरे मुळीच नको, त्यानं कप बाजूला राहील आणि तुमच्या दोघींचं पंधरा वर्षांचं सगळं बाहेर निघेल. घरात रोज जे कप वापरता, त्यातलेच दोन घे, दोन्हीत चहा ओत आणि तिच्यासोबत गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून पी. दोन्ही कप तूच घेऊन ये आणि बाकीच्या भांड्यांत घास. ती पहिल्या दिवशी घेणार नाही कदाचित. तिला जिजींची भीती असेल, नवऱ्याच्या सालाचे पैसे अडकलेले असतील, तुला नाही कळायचं तिचं. आग्रह करून तिला अवघडून टाकू नकोस, आपल्या मनाच्या समाधानासाठी तिला पाटावर बसवायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन कप ने. जिजींना दिसेलच. त्या बोलतील, दोन दिवस ताट आपटतील. मालकांना आधी सांगून ठेव. ‘आईला दुखवू नको’ हे त्यांचं पालुपद ऐकून घे आणि विचार, त्या बाईला दुखवलं तर चालतं का?

गोळ्या बंद केल्याचंही जिजींना मालकांनीच सांगायचं, तू नाही. आई त्यांची आहे. रोटाच्या दिवशी तुझी पाळी आली, तर जिजी तुला पाटाजवळ बसू देणार नाहीत, असं धरूनच चल. सगळ्यांच्या नशिबी माझ्या सासूसारखी सासू नसते, आणि मी आहे इथे शंभर कोसांवर. पण त्या दिवशी तू मागच्या ओट्यावर असशील ती त्यांच्या नियमानं असशील, गोळीनं नाही, आणि घरात आलेल्या भाऊबंदांना ते दिसेल. दरवर्षी दिसत राहिलं की एखादी म्हातारी उठतेच. आमच्या घरी उठली होती.

आणि अडचण नसेल, तर रोटाला बस. मन लागत नसताना बसणं हे ढोंग नाही गं. ढोंग म्हणजे नसलेलं दाखवायचं आणि त्यातून काहीतरी पदरात पाडून घ्यायचं. तुझ्या पदरात काय पडणार, पाठीला कळ आणि डोळ्यांत चुलीचा धूर. लेकरू तापानं फणफणलेलं असताना तू रात्री तीनला त्याच्या कपाळावर पट्ट्या बदलतेस, तेव्हा दर पट्टीला माया उसळून येते का? झोप येत असते. तरी हात पट्ट्या बदलतात. त्याला कुणी ढोंग म्हणत नाही.

रोट बाहेरच्याला द्यायचा नाही, हाही नियम तुला सलतोय असं पत्रावरून वाटलं. तो मात्र राहू दे. सगळे नियम एका तराजूत घालू नकोस. बांधाच्या वीतभर जमिनीवरून वर्षभर तोंड न पाहणारे दोन भाऊ त्या एका दिवशी एका दळणात सव्वा मूठ टाकतात, कारण टाकावीच लागते. नियम नसता, दोघांनीही ‘मनातून’ केलं असतं, तर आपापल्या घरी बसून केलं असतं. हा नियम माणसं जवळ आणतो. कोनाड्यातला कप माणूस लांब ठेवतो. दोन्हीला ‘आपली रीत’ म्हणतात, म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत.

उपासांचं तुझं तू ठरव. मी स्वतः आता एकच धरते, आषाढी, तोही चहा पिऊन. शेतात दिवसभर निंदणी असेल त्या दिवशी उपाशी राहू नकोस, एवढं मात्र सांगते, चक्कर येऊन पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. देवघरात दुधाचा हिशोब आठवतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दुधाचा हिशोब चोख ठेवणं वाईट काम नाही. दिवा लाव, हिशोब कर, ऊठ.

शेवटचं एक काम देते. जिजींना कानबाईची गाणी येत असणार. गडावर पायी जाणाऱ्या बायकांना ती येतातच. रात्रभर म्हटली तरी एकही पुन्हा म्हणावी लागू नये इतकी गाणी आहेत ती, जुन्या बायका गेल्या की त्यांच्याबरोबर जातात. पोरांची एखादी अर्धी उरलेली वही घे. रोटाच्या आठ-दहा दिवस आधीपासून दुपारी त्यांच्याजवळ बस, त्या म्हणतील, तू उतरून घे. अडलेला शब्द विचार. तुझं मन लागतं का याचा विचार त्या वेळी करू नकोस, फक्त कान दे. म्हणता म्हणता एखाद्या ओळीला त्यांचा आवाज बदलेल. तिथे ओळीखाली रेघ मार आणि ती ओळ मला कळव.

तुझी
ताई